फ्लोरेन्सची नजर, अजिंठ्याची भिंत

जळगावपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना आपल्याकडे सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते. शब्द इटालियन आहे आणि अजिंठ्याच्या बाबतीत तो चुकीचा आहे. फ्रेस्को म्हणजे ताजे. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग त्यावर लावायचे. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि रंग त्या थरात कायमचे बंदिस्त होतात. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात याच पद्धतीने रंगविले. अजिंठ्यात मात्र खडकावर माती, भाताचे तूस व गवताचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरसासारख्या द्रव्यात कालवलेले रंग अशी रीत होती. म्हणजे येथील रंग भिंतीत मुरलेले नाहीत, भिंतीवर बसलेले आहेत. हा फरक पुढे महागात पडला.

चुकीचे नाव पडण्याचे कारण पाहणाऱ्यांच्या नजरेत होते. १८४४ पासून येथे प्रती काढणारे मेजर रॉबर्ट गिल (त्यांची कबर भुसावळला आहे) काय किंवा १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येणारे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स काय, साऱ्यांचे शिक्षण युरोपीय प्रबोधनकाळाच्या परंपरेत झालेले. ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्याची थोरवी सांगितली तीही फ्लोरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांशी तुलना करून. छायाप्रकाश, शरीररचना आणि यथार्थदर्शन हे त्याच परंपरेचे धडे जे. जे.मार्गे महाराष्ट्रभर पसरले. धुळे-जळगावच्या शाळांतील मुले आज एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्राला सावली देतात, त्याचे मूळ तेथे आहे.

या कथेतील सर्वांत विलक्षण व्यक्ती म्हणजे लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने रंग, सरस, गिलावा यांची कृती सांगणारा ग्रंथ लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद या बाईंनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला होता. १९०९ ते १९११ दरम्यानच्या हिवाळ्यांत त्या अजिंठ्यात प्रती काढत होत्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. बोस तेथे केवळ नक्कल करून थांबले नाहीत. भारतीय चित्राला स्वतःची रेषा आहे, ही खात्री त्यांना अजिंठ्याच्या भिंतींनी दिली. हेच बोस पुढे पुन्हा खानदेशात आले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून तेथील सजावट त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून उभी केली. प्रबोधनाच्या अभ्यासक बाईंपासून फैजपूरच्या मांडवापर्यंतचा हा धागा खानदेशातही फारसा कुणाला ठाऊक नसावा!

दरम्यान, निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी थेट इटलीहून तज्ज्ञ बोलावले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी १९२०-२२ या काळात दोन हिवाळे काम केले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पक्का केला, त्यामुळे बरेच काही वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण रंग धरून राहावेत म्हणून त्यांनी लाखेचे वॉर्निश वापरले. आधीच्या प्रतिकारांनीही रंग उठून दिसावेत म्हणून वॉर्निश फासलेले होतेच. लाख कालांतराने पिवळी पडते, काळवंडते. अनेक चित्रांवर प्रवाशांना दिसणारी तपकिरी झाक ही प्राचीन चित्रकाराची नव्हे, ती या थरांची आणि धुळीची आहे.

१९५३ पासून लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. लाखेचा थर द्रावकांनी, बोटाएवढ्या भागावर थांबत थांबत उतरवावा लागतो. कारण खालचा रंग सरसावर टेकलेला आहे आणि हात जरा जड पडला तर तोही निघून येतो. ओल्या चुन्यात मुरलेल्या इटालियन चित्राला ही भीती बरीच कमी असते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिल्यावर प्रथम त्याच्या मुखाचा रंग पाहावा आणि मग कडेच्या अंधाऱ्या पट्ट्याकडे नजर वळवावी.