हजार विड्या आणि दोन हात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नगरला थोरल्या मुलाकडे राहणाऱ्या एक आजी धाकट्या मुलाकडे राहुरीला आल्या होत्या. वय सदुसष्ट. सूनबाई त्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. तक्रार साधीच होती. रात्री उजव्या हाताला मुंग्या येत, झोपमोड होई आणि हात झटकला की थोडे बरे वाटे. काय काम करता, असे विचारल्यावर आजी किंचित संकोचून म्हणाल्या, "विड्या वळते. लग्नाच्या आधीपासून."

मी तत्काळ सल्ला दिला, "आजी, हे काम आता बंद करा." सूनबाईंनी मान डोलावली. आजी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सोडेन हो. पण मग औषधाचे पैसे दर वेळी मुलाकडे मागायचे का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी गोळ्या लिहून दिल्या. आजी नगरला परतल्या आणि पुढे आठ महिने दिसल्या नाहीत.

आठ महिन्यांनी आल्या, तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी असणारा मांसल उंचवटा सपाट झाला होता. चहाची कपबशी हातातून निसटत होती. मनगटाची शस्त्रक्रिया झाली, मुंग्या थांबल्या. परंतु अंगठ्याची गेलेली ताकद पूर्णपणे परत आली नाही. काम बंद करा, एवढे सांगून मी मोकळा झालो होतो. काम चालूच राहणार असेल तर हात कसा जपावा, हे मी सांगितलेच नव्हते. ते आज आपल्याला सांगण्यासाठी हा लेख.

घर हाच कारखाना

नगर, संगमनेर, शेजारचे सिन्नर आणि दूरचे सोलापूर या गावांत विडीकाम ही घराघरांतील स्त्रियांची पिढीजात मजुरी आहे. कच्चा माल घरी आणायचा, तयार विड्या मोजून द्यायच्या आणि मजुरी हजारी दराने घ्यायची. भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, त्यात तंबाखूची चिमूट पसरायची, पान वळायचे, टोक दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. एका विडीमागे हातांच्या केवळ पाच हालचाली धरल्या तरी हजार विड्यांमागे पाच हजार हालचाली होतात. त्यातील बहुतेकींचा भार अंगठा आणि पहिली दोन बोटे यांवर येतो.

आपल्या घरी विडीकाम नसेलही; परंतु पापड लाटणे, माळा ओवणे, साडीला फॉल लावणे, काजे-बटणे करणे अशी नगावर मजुरी मिळणारी कामे अनेक ज्येष्ठ स्त्रिया करतात. तंबाखूचा भाग वगळला, तर पुढील बहुतेक सूचना त्यांनाही लागू पडतात.

शरीर काय सांगते, ते ओळखा

मनगटातील एका अरुंद बोगद्यातून हाताची एक मुख्य नस जाते. सततच्या हालचालींनी तेथे सूज आली की नस दबते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येणे, विशेषतः रात्री, ही तिची पहिली हाक असते. मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असेल, तर हा त्रास लवकर जडतो. म्हणून अशा रुग्णाची रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. या टप्प्यावर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधल्यास पुष्कळांना आराम पडतो. वस्तू हातातून पडू लागणे किंवा अंगठ्याचा उंचवटा बसणे ही मात्र धोक्याची खूण होय. तेव्हा एक आठवडाही दवडू नये.

सकाळी बोट दुमडलेले राहणे आणि सरळ करताना 'टक्' असा आवाज होणे, ही दुसरी तक्रार. मान आणि कंबर आखडणे ही तिसरी. कारण मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास खाली वाकून बसावे लागते.

तंबाखूचा धोका निराळा आहे. विडी न ओढणाऱ्या बाईच्या शरीरातही निकोटीन ओल्या कातडीतून शिरू शकते. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. उडणारी बारीक धूळ श्वासावाटे आत जाते आणि खोकला व धाप जडते. हा खोकला 'धुळीचाच' असे समजून अंगावर काढू नये. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते.

काम चालू असताना घ्यावयाची काळजी

बैठक : सतत मांडी घालून बसू नये. भिंतीला पाठ टेकवावी आणि कमरेमागे उशी ठेवावी. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून सूप समोरच्या स्टुलावर ठेवावे. सूप जितके उंच, तितकी मान कमी वाकते.

विश्रांती : घड्याळापेक्षा मोजणी सोपी. शंभर विड्या झाल्या की उठावे. हाताच्या मुठी दहा वेळा उघडाव्या-मिटाव्या, मनगट हलकेच मागे-पुढे ताणावे, खांदे फिरवावे, घोटभर पाणी प्यावे. यात दोन मिनिटे जातात. मजुरी फारशी बुडत नाही.

उजेड आणि हवा : खिडकीजवळ किंवा ओसरीवर बसावे. डोळे वर्षातून एकदा तपासावेत. मोतीबिंदू किंवा चुकीचा चष्मा असेल, तर माणूस नकळत आणखी वाकतो.

तंबाखू : नाकातोंडावर धुतलेला सुती रुमाल किंवा मास्क बांधावा. हातमोज्यांनी विडी वळणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून हात वारंवार साबणाने धुणे हाच मार्ग. कामाच्या मध्येच त्याच हातांनी भाकरी, पान किंवा औषधाची गोळी घेऊ नये. कामाचे लुगडे वेगळे ठेवावे. बोटांना कात्रीची जखम असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर ती भरेपर्यंत हात ओल्या तंबाखूपासून दूर ठेवावा. तंबाखूचे सूप स्वयंपाकघरात आणि झोपण्याच्या खोलीत नको. रांगते मूल व गर्भवती सून यांना त्या जागेपासून कटाक्षाने दूर ठेवावे.

हक्काचे कागद काढून पाहा

वयस्कर विडी कामगाराच्या आरोग्याचा एक भाग तिच्या कागदपत्रांत असतो. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा अशा घरखेप कामगारांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली स्पष्ट केले. 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची पात्र सेवा भरली, तर अठ्ठावन्न वर्षांनंतर पेन्शन मिळते. 2014 पासून तिची किमान रक्कम दरमहा 1000 रुपये आहे. रक्कम लहान आहे. परंतु रक्तदाबाची गोळी स्वतःच्या पैशाने आणणे ही लहान गोष्ट नव्हे. आईच्या पेटीतील ओळखपत्र व पासबुक मुलांनी एकदा अवश्य पाहावे.

आणखी एक अडचण. वर्षानुवर्षे पान आणि दोरा घासून बोटांच्या रेषा पुसट होतात आणि हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर ठसा उमटत नाही. अशा वेळी आजींना रिकाम्या हाताने परत आणू नका. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता उपलब्ध आहे, ती मागा.

मुलांना आणि सुनांना विनंती

"आता काय कमी आहे तुम्हाला? ठेवा ते सूप," असे आपण प्रेमाने म्हणतो. काम सुटावे हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे; परंतु त्यासोबत तिच्या हातातील पैसा आणि दिवसाचा आकारही जातो. म्हणून सूप उचलण्यापूर्वी तिच्या हाती दरमहा ठरलेली रक्कम द्या. तिने मागण्याआधी द्या. एकदम बंद करण्याऐवजी हजाराचे पाचशे, पाचशेचे दोनशे असे करीत जा. जोडीला मेथी निवडणे, नातवंडांना शाळेतून आणणे असे घराला खरोखर हवे असलेले एखादे काम तिच्याकडे सोपवा.

त्या आजी आता राहुरीलाच असतात. विड्या सुटल्या आहेत. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात, तेव्हा कनवटीची पिशवी डाव्या हाताने सोडतात, कारण उजव्या अंगठ्याला ती गाठ सुटत नाही. माझी फी मात्र त्या स्वतः देतात. सूनबाई शेजारी उभ्या असतात, पण पुढे होत नाहीत. हे त्यांना कोणी शिकवले, ते मी विचारलेले नाही.