कच्चा कागद

महाविद्यालयात आमच्या मुलांना लिहिणे ठाऊक असते ते एकाच कामासाठी : आपल्याला किती येते ते परीक्षकाला दाखवायचे. लिहिता लिहिता आपले आपल्यालाच काही उमगते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. मग गाईड पाठ होते आणि विषय तसाच राहतो.

बोईसरलगतच्या सरावलीचेच घ्या. तारापूर औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांची घरे येथे आहेत. अशा घरातला मुलगा अर्थशास्त्राच्या वर्गात 'किमान वेतन' शिकतो. शिक्षकाने तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे राखावीत आणि सांगावे, तुमच्या घरी पगार कसा येतो, आणि आज शिकवले त्याच्याशी तो कुठे जुळत नाही, ते लिहा. वारलीत लिहा, हिंदीत लिहा, घरात बोलता तसे लिहा. शुद्धलेखन पाहणार नाही, गुण देणार नाही. मग खाड्यापोटी ठेकेदाराने कापलेले पैसे, हातावर टेकवलेली रोकड, न मिळालेली पावती कागदावर उतरते. कायद्यातले वेतन आणि हातात पडणारे वेतन यांतला फरक स्वतःच्या वाक्यात मांडावा लागतो, आणि तो मांडतानाच व्याख्या खरी कळते. शिक्षकाने दहा-वीस कागद चाळले तरी वर्गाचे कुठे अडले ते दिसते. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करावा.

हे परक्यांकडून आणलेले खूळ नव्हे. १८५५ साली 'ज्ञानोदया'त महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला, तो मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनीचा. जेमतेम चौदा वर्षांची पोर. वेद जर ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. हा प्रश्न तिला जगण्याने दिला होता. तिचे नाव आपण सभांतून घेतो. तिला मिळाली तेवढी मोकळीक मात्र आपल्या वर्गात देत नाही.

यात एक धोका आहे. 'आपला अनुभव लिहा' म्हणत दलित-आदिवासी मुलांकडून व्यथा वसूल करणारे शिक्षकही असतात. तेव्हा कागदावर नाव नको. विचारल्यावाचून वर्गात वाचन नको. जातीवर लिहायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. आणि बोलीचे कौतुक करता करता प्रमाण मराठी त्याच्यापासून दूर ठेवू नये. उत्तरपत्रिकेत तीच लागते, अर्जातही तीच. कच्च्या कागदावरचे एखादे वाक्य, लिहिणाऱ्याची ओळख न देता, फळ्यावर घ्यावे आणि ते परीक्षेच्या भाषेत कसे जाते, हे मुलांकडूनच करवून घ्यावे.