आपला देश कृषिप्रधान आहे का?



आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या काळी निबंधाचे पहिले वाक्य ठरलेले असे : भारत हा कृषिप्रधान देश आहे. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतही हेच वाक्य दिसते. हे वाक्य खरे की खोटे? काम करणारे हात मोजले तर खरे आहे, पण मिळणारे रुपये मोजले तर खरे नाही. या दोन मोजण्यांतला फरक समजावून देण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

अर्थशास्त्रात देशातील सर्व कामांचे तीन भाग करतात. कॉलिन क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाच्या सन १९४० च्या ग्रंथामुळे ही विभागणी जगभर रूढ झाली. शेती, पशुपालन, मासेमारी हे प्राथमिक क्षेत्र. कच्च्या मालापासून वस्तू तयार करणे आणि बांधकाम हे द्वितीयक क्षेत्र. वाहतूक, व्यापार, बँक, शाळा, दवाखाना अशा सेवा म्हणजे तृतीयक क्षेत्र.

हे तिन्ही पाहायला आपल्याला चलथाणबाहेर जावे लागत नाही. उसाच्या मळ्यात कोयता चालतो, ते प्राथमिक क्षेत्र. तोच ऊस आपल्या सहकारी साखर कारखान्यात गेला आणि त्याची साखर झाली, मळी निघाली, की ते द्वितीयक क्षेत्र. ती साखर हायवेवरून ट्रकने निघाली, बँकेत तिचे पैसे जमा झाले, दुकानात ती विकली गेली, की तृतीयक क्षेत्र. कडोदरा आणि पलसाण्याकडच्या डाइंग-प्रिंटिंग मिल द्वितीयक क्षेत्रात येतात. आपल्या माता-भगिनी घरी बसून साडीला लेस किंवा टिकी लावतात, ते कामही याच क्षेत्राचे आहे.

आता आकडे पाहू. सोपे जावे म्हणून देशातील काम करणारे एकूण शंभर लोक आणि त्यांची एकूण कमाई शंभर रुपये असे धरू. केंद्र सरकारच्या सन २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार शंभरातले सुमारे ४६ लोक शेतीत आहेत. पण शंभर रुपयांतले शेतीचे फक्त १८ रुपयांच्या आसपास. म्हणजे शेतीतल्या माणसाच्या वाट्याला सरासरी ३९ पैसे येतात. उरलेले ५४ लोक ८२ रुपये मिळवतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे दीड रुपया. फरक जवळजवळ चौपट झाला. सेवा क्षेत्रात लोक तीसच्या आसपास आहेत, पण निम्म्याहून अधिक रुपये त्यांच्याकडून येतात.

जगाकडे पाहिले तर शंभरातले सुमारे २६ लोक शेतीत आहेत आणि शेतीचा वाटा चार रुपयांच्या आसपास आहे. सेवा क्षेत्रात जगातले निम्मे कामगार आहेत. अमेरिकेत शंभरात दोन लोकही शेतीत नाहीत आणि शेतीची कमाई रुपयाभराची. तेथे शेती कमी पिकते असा याचा अर्थ नाही. अमेरिका धान्य जगाला विकते. थोडे लोक यंत्रांच्या मदतीने खूप पिकवतात, म्हणून हात आणि रुपये यांतले अंतर तेथे लहान आहे. साखरेचेच पाहा. ब्राझील आणि भारत हे जगातले साखरेचे सर्वांत मोठे उत्पादक. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात ऊस बहुतेक यंत्राने तोडला जातो. आपल्याकडे डांग, तापी, नंदुरबार, धुळे या भागांतून जोडपी येतात, गावाबाहेर पडावावर राहतात आणि हाताने ऊस तोडतात.

दुसरी गोष्ट वाटेची. इंग्लंड, जपान, नंतर चीन या देशांत शेतातला माणूस आधी कारखान्यात गेला आणि नंतर सेवांकडे वळला. चीनमध्ये आजही शंभरातले पंचवीसच्या आसपास रुपये कारखानदारीचे आहेत. आपल्याकडे ते पंधराच्या आसपासच आहेत. आपल्या देशाने मधली पायरी पुरती न चढताच सेवांकडे उडी घेतली. पण चांगल्या पगाराच्या सेवा शिकलेल्यांनाच मिळतात. कमी शिकलेला माणूस शेतीतच राहिला किंवा बांधकामावर गेला.

सुरत जिल्हा याला काही अंशी अपवाद आहे. येथे कारखाने आले आणि त्यांनी माणसे बोलावली. ताप्ती व्हॅली रेल्वे सन १९०० च्या सुमारास सुरू झाली. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथून निघालेली गाडी आपल्या चलथाण स्टेशनावरूनच उधन्याला जाते. याच मार्गाने आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील खानदेशातील कोरडवाहू शेती सोडून लूमवर, मिलमध्ये आणि साखर कारखान्यात आले. पुस्तकात ज्याला प्राथमिकाकडून द्वितीयकाकडे जाणे म्हणतात, ते आपल्या घरातच घडलेले आहे.

मात्र ही पायरी पक्की नाही, हे सन २०२० च्या टाळेबंदीत आपण पाहिले. लूम बंद पडले आणि कितीतरी कुटुंबे गावाकडे परतली. सन २०१८-१९ मध्ये देशातील शेतीवरचे लोक शंभरात सुमारे ४२ होते, ते दुसऱ्याच वर्षी ४५ च्या वर गेले आणि सन २०२३-२४ पर्यंत खाली आले नव्हते. शेतीत पैसा वाढला म्हणून हे लोक परतले नाहीत. दुसरा आधार नव्हता म्हणून परतले.

आता आमच्या काळजीचा विषय सांगतो. नववीच्या निकालानंतर दरवर्षी काही बाके रिकामी होतात. मुलगा लूमवर जातो, पहिल्या महिन्यापासून पैसे आणतो आणि घराला आधार होतो. आम्ही त्याच्या पालकांना दोष देत नाही. घराची अडचण आम्हाला ठाऊक आहे. पण लूमवर कापडाच्या मीटरवर पैसे मिळतात. पंधराव्या वर्षी जो भाव, तोच चाळिसाव्या वर्षी, आणि तेव्हा डोळे व पाठ साथ देत नाहीत. दहावीनंतर आयटीआय केलेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन त्याच मिलमध्ये दुसऱ्या दारातून आत जातो. क्षेत्र एकच, पण पायरी वेगळी. म्हणून पालकांना विनंती आहे की निदान दहावी पुरी होऊ द्या. फीची किंवा पुस्तकांची अडचण असेल तर मुलाला काढून घेण्याआधी एकदा शाळेत येऊन आम्हाला भेटा. काही ना काही मार्ग काढू.

विद्यार्थ्यांना एक गृहपाठ. दिवाळीच्या सुटीत गावाला जाल, तेव्हा आजी-आजोबा काय काम करत होते, आई-वडील काय करतात आणि तुम्हाला काय करायचे आहे, हे तीन ओळींत लिहा. प्रत्येक ओळीपुढे क्षेत्राचे नाव घाला. आई घरी साडीचे काम करत असेल तर तेही लिहा, वगळू नका. शाळा उघडल्यावर सर्व वर्गांचा मिळून एक तक्ता करू आणि देशाच्या आकड्यांशेजारी लावू. मग निबंधाचे पहिले वाक्य काय लिहायचे, ते तुम्हीच ठरवा.