स्वाध्यायासाठी छोटा प्लेअर : निवड कशी करावी?

चातुर्मास संपून साधु-साध्वींचा विहार सुरू झाला की उपाश्रय, स्थानक ओस वाटू लागतात. चार महिने नित्य प्रवचनास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही उणीव अधिक जाणवते. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, जिना उतरणे ज्यांना अवघड झाले आहे, त्यांच्यासाठी श्रवण हाच स्वाध्यायाचा उरलेला मार्ग असतो. घरात स्मार्टफोन चार असतात. परंतु त्यावर एखादे स्तवन लावण्यासाठी सुनेला किंवा नातवाला हाक मारावी लागते. ऐन दुकानाच्या वेळी ती हाक मारण्याचा संकोच वाटतो आणि स्वाध्याय राहून जातो. हा संकोच दूर करणारे साधन म्हणजे बटणांचा, खिशात मावणारा छोटा प्लेअर.

मोबाइलने अशा प्लेअरची बाजारपेठ जवळजवळ गिळून टाकली. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडची निर्मिती २०२२ मध्ये बंद झाली. तथापि २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ बाजारात आणला आणि तो ज्येष्ठांना आवडला. पडद्यावर बोट सरकवण्यापेक्षा बटण दाबणे किंवा फिरवणे त्यांना सोपे जाते, हे त्यावरून दिसून आले. केवळ स्तवने व प्रवचने ऐकायची असतील, तर काही शे रुपयांपासून मिळणारा, मेमरी कार्ड बसवता येणारा साधा प्लेअरही पुरेसा ठरतो. मात्र तो पारखून घ्यावा.

हातात घेऊन पाहावे

दुकानात ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांनाच सोबत न्यावे. डोळे मिटून चालू-बंद, पुढे-मागे आणि आवाज ही तिन्ही बटणे बोटांना ओळखू येतात का, हे पाहावे. एकाच बटणावर दोन कामे असतील आणि ते थोडे दाबल्यास एक, दाबून धरल्यास दुसरे घडत असेल, तर वृद्धांचा गोंधळ होतो.

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची. प्रवचन मध्येच बंद करून प्लेअर पुन्हा चालू करावा. ते थांबले त्याच ठिकाणी सुरू झाले पाहिजे. पुष्कळ स्वस्त प्लेअर प्रत्येक वेळी पहिल्या फाइलीपासून आरंभ करतात. तीन मिनिटांच्या स्तवनास त्याने बाधा येत नाही. तासाभराचे प्रवचन मात्र कधीच पूर्ण होत नाही.

साठवणुकीचा हिशेब

‘चौसष्ट जीबी’ असे ऐकून अधिक पैसे मोजण्यापूर्वी साधा हिशेब करावा. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपी३ फाइलीला मिनिटास सुमारे एक एमबी जागा लागते. केवळ बोलण्याच्या ध्वनिमुद्रणास ६४ केबीपीएस पुरतात. म्हणजे तासाला सुमारे २९ एमबी. त्या मानाने आठ जीबीच्या कार्डात अडीचशेहून अधिक तासांची प्रवचने मावतात. रोज एक तास ऐकले तरी आठ महिने पुरतील! शिवाय अनेक साधे प्लेअर ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड वाचतच नाहीत.

बाजारात बनावट कार्डांचाही सुळसुळाट आहे. लेबलवर ६४ लिहिलेले असते, प्रत्यक्ष जागा आठचीच असते. अधिक भरलेले सारे नष्ट होते. म्हणून नवे कार्ड काठोकाठ भरून शेवटची फाइल वाजवून पाहावी. पक्के बिल घेतलेले असावे, म्हणजे परत करता येते.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बनावट माल खऱ्याच्या नावे खपवणे हा ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, तसेच चोरीचा माल घेणे हे ‘तदाहृतादान’ही आहे. पेढीवर बसणाऱ्याने हे दोन्ही ध्यानी ठेवण्यासारखे आहे. ‘हजार स्तवने भरलेली चिप’ कवडीमोलाने विकली जाते, तेव्हा गायक-संगीतकारांची अनुमती घेतलेली असेलच असे नाही. धर्मश्रवणाचा आरंभ अशा वस्तूने होऊ नये. प्रवचनाचे ध्वनिमुद्रणही संघाच्या व गुरुभगवंतांच्या अनुमतीनेच करावे.

बॅटरी आणि आवाज

स्वस्त यंत्रात सर्वप्रथम बॅटरी दगा देते. ती काढून बदलता येणारी असल्यास यंत्राचे आयुष्य वाढते. जुन्या बटणांच्या मोबाइलमध्ये असे तशी सपाट बॅटरी अनेक छोट्या प्लेअरमध्ये बसते आणि सहज मिळते. घरातील मोबाइलचाच चार्जर चालेल असे सॉकेट पाहावे. लिथियम बॅटरीसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक आहे. तिच्यावरील ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. फुगलेली बॅटरी क्षणभरही वापरू नये.

वृद्धांसाठी कानात खुपसण्याच्या इअरफोनपेक्षा छोटा स्पीकर असलेला प्लेअर सोयीचा. पहाटे ऐकण्याची सवय असेल, तर इअरफोनचे छिद्रही असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज सतत वाढवावा लागत असेल, तर प्लेअर बदलण्याऐवजी कानांची तपासणी करावी.

भरताना घ्यावयाची काळजी

अनेक साधे प्लेअर नावाच्या क्रमाने नव्हे, तर फाइली ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे ०१, ०२ असे अंक इंग्रजीत देऊन फाइली एकेक करून भराव्यात. पडदा असलेल्या स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी बहुधा चौकोन उमटतात. स्तोत्रे, स्तवने आणि प्रवचने यांचे फोल्डर वेगळे ठेवावेत.

पाठही आपल्या परंपरेचा निवडावा. आचार्य मानतुंगांच्या भक्तामर स्तोत्राची श्वेतांबर परंपरेत ४४, तर दिगंबर परंपरेत ४८ पद्ये आहेत. आजींना पाठ असलेल्या स्तोत्रापेक्षा वेगळा पाठ कानी पडला, की त्यांचे मन विचलित होते. उच्चार स्पष्ट व लय संथ असावी. वाद्यांचा गजर अक्षरे झाकून टाकतो. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत आम्नाय, म्हणजे शुद्ध उच्चारांसह पुनःपुन्हा केलेले पठण, हा एक प्रकार आहे. उत्तम ध्वनिमुद्रण त्यास साहाय्य करते. नातवंडेही जाता-येता शुद्ध सूत्रे शिकतात.

यंत्राची मर्यादा

अनेक परंपरांत विजेचा वापर तेजस्कायाच्या विराधनेशी जोडला जातो. म्हणून ४८ मिनिटांच्या सामायिकात, प्रतिक्रमणात अथवा पौषधात असे यंत्र वापरत नाहीत. याबाबत आपापल्या गुरुभगवंतांची आज्ञा प्रमाण मानावी. प्रतिक्रमणाची सूत्रे शिकण्यासाठी प्लेअर उपयोगी पडतो. प्रत्यक्ष क्रिया मात्र स्वमुखानेच करावयाची असते.

परिग्रह-परिमाणाचे व्रत असलेल्या घरात प्रत्येक नव्या वस्तूचा विचार होतो, आणि तो व्हावाच. घरात जुना, धड चालणारा प्लेअर असेल, तर केवळ नवे कार्ड घालून तोच आजींना द्यावा. नवा घ्यायचा झाल्यास एकच, साधा आणि टिकाऊ घ्यावा. पहिले दोन दिवस कोणीतरी शेजारी बसून बटणे शिकवावीत, आणि महिन्यातून एकदा नवी प्रवचने भरून द्यावीत. वडीलधाऱ्यांनी कोणालाही हाक न मारता स्वतःच्या बोटाने आपला स्वाध्याय सुरू केला, की त्या छोट्या खर्चाचे चीज झाले.