मेघविचार : माणदेशाचे ढग

गर्जन्मेघाच्या पोटात गार कशी वाढते ते या आठवड्यात सांगावयाचे होते. परंतु दहिवडीकडील एका वाचकांचे तक्रारवजा पत्र आल्याने ते प्रकरण तूर्त तहकूब करीत आहे. आषाढात महाबळेश्वरावरून सुटलेले ढग आमच्या डोक्यावरून जातात, तरी तिकडे वर्षाकाठी 5,500 ते 6,000 मिलिमीटर आणि शंभरेक किलोमीटरवर आम्हांस जेमतेम 500, हा एकाच जिल्ह्यातला न्याय कोणता, असा त्यांचा सवाल आहे.

पर्जन्यछाया, हे शाळेतले उत्तर खरेच आहे. मात्र दोन्हीकडचा ढग एकच, हे पत्रातील गृहीत मला मान्य नाही. अरबी समुद्रावरचा बाष्पयुक्त वारा पोलादपूरच्या अंगाने सह्याद्रीवर थडकला, की त्याला हजारावर मीटर चढावेच लागते. चढताना दाब घटल्यामुळे तो प्रसरण पावतो, प्रसरणाने थंडावतो, आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब होऊन माथ्यावरचे लोक ज्याला धुके म्हणतात तो स्तरमेघ बनतो. हा मेघ बहुतांशी तेथल्या तेथेच राहतो : कृष्णेच्या पात्रात खडकापाशी फेस जागीच दिसावा आणि पाणी मात्र पुढे जावे, तसा वारा त्यातून निघून जातो, पश्चिमेच्या कडेस नवे थेंब उपजतात व पूर्वेच्या कडेस जुने विरतात. पुष्कळसे पाणी डोंगरावरच जमा करून हवा वाईच्या खोऱ्यात उतरू लागली, की ती दाबली जाऊन तापते. ढग विरल्यावर तर हजार मीटरला सुमारे 10 अंश सेल्सियस या दराने. म्हणूनच पाचगणीच्या वाट्यास महाबळेश्वराचा साधारण तिसरा हिस्सा येतो आणि वाईस त्याहून कमी. माणच्या आभाळात आषाढी पळणारे ढग पुढे नव्याने झालेले, उथळ असतात. वरची कोरडी हवा त्यांना वाढू देत नाही, आणि भुरभुरीपलीकडे त्यांची ताकद जात नाही.

मग माण, आटपाडी, जत हा मुलूख जगतो कशावर? कचेरीतील पर्जन्यनोंदी चाळल्या, तर महाबळेश्वरचा जोर जुलैत आणि या पूर्वपट्ट्याचा बहुधा सप्टेंबरात आढळेल. उत्तरा-हस्ताच्या सुमारास पश्चिमेचा वारा मंदावतो, तापलेल्या जमिनीवरची हवा उभी चढते, आणि पूर्वेकडील ओल मिळाली, तर दिवेलागणीपर्यंत दहाबारा किलोमीटर उंचीचा गर्जन्मेघ तयार होतो. तो एका गावचे ओढे तासाभरात भरील, शेजारच्या गावी थेंबही पाडणार नाही. पण रब्बीच्या ज्वारीची भिस्त त्याच्यावरच. महाबळेश्वरच्या मेघाने माणचे काही लुबाडलेले नाही. माणचा अन्नदाता मेघ निराळ्या जातीचा, निराळ्या महिन्याचा आहे.

तासगावचे द्राक्षबागाइतदार ज्याला भितात तोही याच जातीचा. त्याच्या गारांचा समाचार पुढील लेखांकी. तोवर खानापूर, खटाव व जतच्या वाचकांनी आपल्या गावची जुलै आणि सप्टेंबरची नोंद ताडून पाहावी, आणि आकडे उलटे निघाल्यास अवश्य कळवावे.