शेवटचा दिवस कोरडा ठेवा

आपल्याकडे सहल किती दिवसांची, हे सहलीचे ठिकाण ठरवत नाही. रजेचा अर्ज ठरवतो. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे हे मी अधिकाराने सांगू शकतो. कॅलेंडर भिंतीवरून काढायचे, एखादा सुट्टीचा शनिवार गाठायचा, पुढे-मागे सणाची सुट्टी जोडायची, मधल्या फटीत दोन दिवसांची नैमित्तिक रजा बसवायची आणि सोमवारी दहाच्या ठोक्याला खुर्चीत हजर! एलएफसीचा ब्लॉक संपत आला म्हणून घाईघाईने कन्याकुमारी गाठून आलेली किती तरी कुटुंबे मी पाहिली आहेत. देवदर्शनाला किंवा थंड हवेच्या ठिकाणाला हा हिशेब चालून जातो. समुद्राच्या पोटात उतरणाऱ्या सहलीला मात्र तो चालत नाही. तिथे दिवसांची वजाबाकी आधी करावी लागते आणि ती चुकली तर किंमत शरीराला मोजावी लागते.

आमच्या पिढीतली नाशिकची मुले गोदावरीच्या पात्रात पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली. आजची मुले मालवण-तारकर्लीला जाऊन पाठीला हवेचे सिलिंडर बांधतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे. एकदा पाण्याखालचे जग पाहिले की बहुतेकांची हौस तेवढ्यावर भागते. काहींना मात्र त्याचा नाद लागतो. मग रीतसर प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि पुढे कधी तरी घरात नवा शब्द येतो : लाइव्ह-अबोर्ड. म्हणजे बोटीवरच राहायचे, जेवायचे, झोपायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटीवरूनच पाण्यात उतरायचे. मालदीव, लाल समुद्र, थायलंड येथे अशा बोटी हंगामभर चालतात. जाहिरातीत ‘तीन रात्री’, ‘सात रात्री’, ‘दहा रात्री’ असे पर्याय असतात आणि घरातला पहिला प्रश्न हमखास असतो, ‘किती दिवसांची घ्यायची?’

रात्री मोजू नका

पहिला नियम असा की जाहिरातीतल्या रात्री मोजू नयेत, बुड्या मोजाव्यात. सात रात्रींची सफर घेतली तर पहिला दिवस बोटीवर चढण्यात, सामान लावण्यात आणि सूचना ऐकण्यात जातो. दुसऱ्या दिवशीची पहिली बुडी उजळणीची असते. शेवटचा दिवस कोरडा. त्याचे कारण पुढे येईलच. म्हणजे हातात राहतात पाच ते सहा दिवस, रोज तीन बुड्या धरल्या तर पंधरा ते अठरा. हेच गणित तीन रात्रींना लावा. पदरात जेमतेम दोन दिवस पडतात.

त्यात खर्चाचा भाग आहे. विमानाचे भाडे, व्हिसा, बंदरापर्यंतचा प्रवास हा खर्च तीन रात्रींना तेवढाच आणि सात रात्रींनाही तेवढाच. तो जितक्या जास्त बुड्यांवर विभागला जाईल, तितकी प्रत्येक बुडी स्वस्त. एवढे ऐकून कोणी सरसकट लांब सफर घेऊ नये. बोट ही बोट असते. पहिले दोन-तीन दिवस पोट ढवळते, डोके गरगरते. मग शरीराला डुलण्याची सवय होते. ज्याला समुद्र लागतो, त्याची तीन रात्रींची सफर पोट ताळ्यावर येईपर्यंत संपलेली असते. उलट लांब सफरीत चौथ्या-पाचव्या दिवसानंतर थकवा साचू लागतो. चांगले बोटवाले स्वतःच सांगतात, एखादी बुडी सोडा, झोप काढा. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक बुडी मारलीच पाहिजे, हा हिशेब थाळीच्या जेवणालाही बरा नव्हे.

रक्तातली शिल्लक

आता शेवटच्या कोरड्या दिवसाविषयी. निवडणुकीच्या काळात ज्यावरून हळहळ होते तो कोरडा दिवस हा नव्हे. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो शरीरात येतो तसा बाहेर पडतो. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि दाबाखाली हा नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळून राहतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक बुडी म्हणजे खात्यात भरणा आणि वर येऊन घेतलेली विश्रांती म्हणजे हळूहळू होणारी काढणी. दिवसाला तीन-तीन बुड्या सलग पाच दिवस मारल्या, तर रात्रभर काढणी होऊनही खाते शून्यावर येत नाही.

अशा स्थितीत माणूस झपाट्याने वर आला किंवा कमी दाबाच्या उंचीवर गेला, तर सोडावॉटरची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे धरतात. सांधे ठणकतात, प्रकरण वाढले तर अर्धांगापर्यंत जाते. पुलांचे पाये पाण्याखाली खोदणाऱ्या मजुरांना हा रोग एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाला होता. पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर यावे, याची कोष्टके ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडली. विमानातला दाब दीड-दोन हजार मीटर उंचीवरच्या हवेइतका असू शकतो. म्हणून पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’चा सल्ला असा की, एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. पुष्कळ प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात. कोरडा दिवस येतो तो इथून.

घाट विसरू नका

नाशिककरांच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्याला वाटते, आम्ही कुठे विमानाने जातो? आमची गाडी आहे. पण आपले शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर वसलेले आहे. आंबोलीचा माथा त्याहून थोडा उंच. महाबळेश्वर तर तेराशे मीटरच्या वर. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा वरचा सल्ला साधारण सहाशे मीटरपासूनच्या उंचीला लागू धरला जातो. म्हणजे मालवणला दिवसभर बुड्या मारायच्या, संध्याकाळी गाडी काढायची आणि रात्रीच घाट चढून सोमवारी कामावर हजर व्हायचे, हा बेत विमानात बसण्याच्या जातीचाच झाला. परतताना महाबळेश्वरला एक मुक्काम करू, हे तर मुळीच नको.

मालवणला हौशी पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यात काही मिनिटे उतरतात. त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही; तिथे धोका फारच थोडा. तरी ती रात्र कोकणात काढून सकाळी निघावे. प्रमाणपत्र घेऊन रोज खोल उतरणाऱ्याने मात्र पुरता एक दिवस खालीच थांबावे. परतायला कोकण रेल्वे धरली तर आणखी बरे. कुडाळपासून कल्याणपर्यंतचा बराचसा प्रवास सखल भागातून होतो. घाट लागतो तो थेट कसाऱ्याला, तोवर काही तास आणखी पदरात पडतात.

कोणासाठी किती?

अंतरही पाहावे लागते. कोस्टा रिकाचे कोकोस बेट किनाऱ्यापासून साडेपाचशे किलोमीटरवर. बोटीला एका बाजूलाच दीड दिवस लागतो. तिथे दहा दिवसांहून कमी सफरीत अर्थ नाही. थायलंडची सिमिलान बेटे काही तासांवर, म्हणून तिथे दोन-तीन रात्रीही पुरतात. आपल्या घराजवळचे उदाहरण आंग्रे बँकेचे. कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा हा प्रवाळांचा उंचवटा विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, अरबी समुद्रात आहे. पाण्यावर टेकायला तसूभर जमीन नाही, म्हणजे मुक्काम बोटीवरच. ताशी दहा सागरी मैलांची बोट धरली तरी जायला सहा तास, यायला सहा. शिवाय त्याचा माथाच पाण्याखाली वीस मीटरवर. पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र अठरा मीटरपर्यंतचे असते. तेव्हा दिवस कितीही हाताशी असले, तरी नवशिक्याला ही सफर नव्हे.

म्हणून माझे सांगणे असे की, बोटीवरची पहिली सफर तीन-चार रात्रींची, किनाऱ्याजवळची असावी. तीही किनाऱ्यावर राहून पंधरा-वीस बुड्या झाल्यावर. सात रात्री ज्याला समुद्र लागत नाही त्याने घ्याव्यात. घरातला एकच जण पाण्यात उतरणार आणि बाकीचे डेकवर बसून क्षितिज पाहणार असतील, तर सात रात्रींचा हट्ट धरू नये. अशा कुटुंबाला किनाऱ्यावरचे हॉटेल आणि सकाळची बोट हेच बरे. मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमानचे स्वराजद्वीप त्यासाठी चांगले. आमच्या वयाच्या मंडळींनी आधी डॉक्टरांना हृदय आणि कान दाखवावेत. दहा वर्षांखालच्या नातवंडांना प्रमाणपत्राचे प्रशिक्षण मिळत नाही. आणि मुदत ठरवताना घरातला सर्वांत कच्चा गडी डोळ्यांपुढे ठेवावा, सर्वांत हौशी नव्हे.

मुलांना शेवटचा दिवस ‘वाया’ वाटतो. मालवणात तो कसा घालवावा, याची यादी त्यांच्या हाती द्यावी. सकाळी होडीने सिंधुदुर्गात जावे. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडे पाणी. ते पाहावे. दुपारी सोलकढी-भात जेवून ताणून द्यावी. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ऐकावा. एवढे होईपर्यंत रक्तातली शिल्लक बरीच उतरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढायला हरकत राहत नाही. रजा मात्र मंगळवारपर्यंतची टाकावी.