शनिवार-रविवारचा बेत व आपली पेरणी

चार गृहिणी एकत्र बसून शनिवार-रविवारचा स्वयंपाक ठरवूं लागल्या, कीं त्यांचें बोलणें अखेर शेतापाशींच येऊन पोहोंचतें. शनिवारीं हुलग्याचें माडगें. रविवारीं मुलें व पाहुणे घरीं, म्हणून मटकीची उसळ. मटकी शुक्रवारीं रात्रीं भिजत घालावी, शनिवारीं सकाळीं फडक्यांत बांधावी, तेव्हां रविवारीं चांगले मोड येतात. भुंग्यानें पोखरलेली बाजारची मटकी मात्र नुसती कुजते. भाकरीचेंहि तसेंच. ज्वारीचें पीठ फार दिवस राहिलें, कीं त्याची विरी जाते व भाकरी थापतांना चिरते. आधणाचें पाणी घालून वेळ निभावते, पण ती गोडी येत नाहीं. म्हणून दळण शनिवारींच.

हें सारें ज्यांस ठाऊक, त्यांसच कडधान्य विकत आणावें लागतें, आणि घरची जमीन ऊस व सोयाबीनखालीं! सोलापूर-पुण्याकडील कोरडवाहू शिवारांत बाजरींत मटकी-हुलग्याच्या ओळी घालण्याची चाल वडिलांपासूनची आहे. मटकींत शेंकडा २३ च्या सुमारास प्रथिनें असतात. हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर ती येते, व तिच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरितात. तरी मृगापूर्वीं बियाणें आणावयास निघतांना, वर्षास किती किलो मटकी-हुलगा लागतो, हें आधीं स्वयंपाकघरांत विचारून जावें.